पर्यावरण विषय शाळेत सक्तीचा आहे, तरी समाज का बदलला नाही?

तुमचा प्रश्न असा की पर्यावरण हा विषय इतकी वर्षं सक्तीचा असूनही लोकांच्या वागण्यात फरक का पडला नाही, आणि हवामान बदलाचं संकट पाहता शिक्षणात नेमकं काय बदलायला हवं. मी नागपुरात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. मला वाटतं, आपण मुलांना माहिती भरपूर दिली, पण ती घेऊन जायची कुठे ते सांगितलं नाही. शिकलेल्यावरून काहीच ठरवता येत नसेल तर ते परीक्षेपुरतं उरतं.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले आणि 2003 मध्ये त्यांची अंमलबजावणी करायला लावली. आपल्याकडे तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा, पुढे पदवीलाही पर्यावरणाचा पेपर. हरितगृह वायू, ओझोनचा थर, ओला कचरा-सुका कचरा मुलांना तोंडपाठ असतं. पण नागपुरातल्या दहावीच्या वर्गात विचारा, तुमच्या नळाचं पाणी येतं कुठून आणि मोरीतून गेलेलं जातं कुठे? पहिल्याला ‘पेंच नदीतून’ असं उत्तर मिळतं. दुसऱ्याला वर्ग गप्प होतो.

मी हा प्रवास फळ्यावर काढते. पेंचवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांतून पाणी शहरात येतं. तोतलाडोहसाठी माणसं उठवली गेली, हे शहरातल्या किती घरांत माहीत आहे? वापरलेल्या पाण्यातलं बरंचसं भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि त्यातलं मोठं प्रमाण कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. जे शुद्ध होत नाही ते नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या त्या धरणात ज्यांची शेतं गेली, ती माणसं पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिली. त्यांच्या वाट्याला आपलं सांडपाणीही आलं. कोराडीची वीज राज्यभर जाते, राख मात्र इथेच साठते. जुलै 2022 मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती राख नाल्यांतून नद्यांपर्यंत पोचली होती. एवढं फळ्यावर आलं की मुलंच विचारतात, मग हे ठरवतं कोण?

हा प्रश्न वर्गात उठणं मला फार मोलाचं वाटतं. बहुतेक ठिकाणी त्यावर शिक्षक ‘आपण एक झाड लावू या’ म्हणून तास संपवतात. झाड लावावंच. पण मुलाच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही, आणि मुलाला ते कळतं.

शिकणं आणि ठरवणं एकत्र आलं की काय होतं, ते विदर्भातच पाहायला मिळतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांनी ऐकलेली असते. त्यांच्या अभ्यास गटाबद्दल फार कमी बोललं जातं. गावकरी एकत्र बसतात, गरज पडली तर बाहेरच्या जाणकारांना बोलावतात आणि एकेका प्रश्नाचा अभ्यास करतात. बांबू किती वाढतो, किती तोडला तर जंगल टिकतं, माश्या न मारता मध कसा काढायचा, कायदा नेमकं काय म्हणतो. अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकारही. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी या कामाला आयुष्य दिलं. अक्षरओळख नसलेली माणसंही तिथे बरोबरीने अभ्यासाला बसतात. हवामान संकटाच्या काळातलं शिक्षण म्हणून मला दुसरं कुठलं चित्र इतकं पटत नाही.

आपल्या नागपूर-वर्ध्याला तर हे नवं वाटायला नको. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमचा विचार मांडला गेला तो हाताच्या कामातून आणि आसपासच्या जगण्यातून शिकण्याचाच. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं आजही शेती आणि स्वयंपाक करत शिकतात.

शहरात अडचण वेगळी आहे. ग्रामसभेसारखी बसायची जागा वस्तीत नाही. नागपूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार होता. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या रातोरात पाण्याखाली गेल्या, तेव्हा जाब विचारायला निवडून दिलेला नगरसेवकसुद्धा नव्हता. मोठ्यांच्याच हातात काही नसेल तर मुलांना नागरिकशास्त्र कोणत्या तोंडाने शिकवायचं?

तरी एक जागा कायद्यानेच दिलेली आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सरकारी शाळांत शाळा विकास आराखडा तयार करणं हे तिचं काम आहे, अनुदानित शाळांत ती सल्ला देते. सुरुवात तिथून करावी असं मी सुचवेन, आणि आपल्याकडे तरी विषय उन्हाचा घ्यावा. इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, म्हणून विदर्भातल्या शाळाही जूनच्या शेवटी उघडतात.

आमच्या मुलांनी मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत साधे थर्मामीटर घेऊन नोंदी केल्या: वरच्या मजल्यावरचा वर्ग, कडुनिंबाखाली, डांबरी रस्ता, आणि दुपारी प्रत्येकाचं घर. टिनाखाली राहणाऱ्यांची आणि स्लॅबखाली कूलर लावून बसणाऱ्यांची घरं एकाच वस्तीत असूनही आकडे किती वेगळे, हे त्यांनी स्वतः लिहून काढलं. कुणाचे वडील बांधकामावर, कुणाची आई भाजीच्या गाड्यावर, त्यांच्या कामाच्या वेळाही त्या वहीत आल्या. ती वही मुलींनी समितीपुढे वाचून दाखवली. प्रवेशद्वार रंगवायला ठेवलेले पैसे वरच्या वर्गांच्या गच्चीला पांढरा चुना मारण्याकडे वळले, आणि उन्हाळ्यात सगळ्यांनी पाणी प्यावं म्हणून पाण्याची घंटा सुरू झाली. काही पालकांनी घरच्या टिनालाही चुना मारला.

यातून कोराडीचा कोळसा थांबत नाही, हे मी जाणते. पण नोंद कशी करायची, ती कुणापुढे ठेवायची आणि ‘नाही’ आलं तर पुन्हा कसं जायचं, एवढं त्या मुलींना येतं. तुम्ही पालक असाल तर तुमच्या शाळेतली समिती शेवटची कधी बसली ते आधी विचारा, आणि शाळा सरकारी असेल तर शाळा विकास आराखडाही वाचायला मागा. शिक्षक असाल तर पहिल्या आठवड्यात वर्गाला आपल्या मोरीच्या पाण्याचा नकाशा काढायला लावा.