रस्त्यावरच्या टप्प्यांना नाव नकाशातलं द्यावं की पाटीवरचं?

तुम्ही विचारलंय की पनवेल ते सावंतवाडी मोटारसायकलवर जाताना जीपीएसमध्ये टप्पे टाकायचे आहेत, आणि नकाशा एक नाव सांगतो, रस्त्यावरची पाटी दुसरं, तर कोणतं लिहायचं?

पाटीवरचं लिहा. गाडी चालवताना तुमचे डोळे पाटीवर असतात, नकाशावर नसतात. पावसात, अंधारात, मागून ट्रक येत असताना तुम्हाला एका क्षणात ठरवायचं असतं की वळायचं की सरळ जायचं. तेव्हा यादीतला शब्द आणि समोरचा शब्द एकच असला पाहिजे.

पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही फसाल. पाट्या दोन जातीच्या असतात. एक सांगते की तुम्ही कुठे आहात: गावाच्या वेशीवरची, पुलावरची, घाटाच्या तोंडाशी असलेली. दुसरी सांगते की इथून कुठे जाता येईल: बाण असलेली मोठी हिरवी पाटी. टप्प्याला नाव देताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. बाणाच्या पाटीवर ‘कोल्हापूर’ लिहिलंय म्हणून ती जागा कोल्हापूर होत नाही. त्या जागेचं स्वतःचं नाव बहुधा नकाशावर किंवा माणसांच्या तोंडी असतं. म्हणून माझी पद्धत अशी: आधी जागेचं नाव, मग बाणाच्या पाटीवरचा शब्द. ‘हातखंबा – रत्नागिरी’, ‘पाली – कोल्हापूर’.

ही दोन उदाहरणं मुद्दाम दिली. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येत होतो आणि मुंबईहून मामा येणार होते. तिथून पुढे सावंतवाडीला बरोबर जायचं होतं. मी त्यांना नकाशात महामार्गांचे क्रमांक बघून कळवलं, ‘66 आणि 166 जिथे मिळतात तिथे थांबा.’ 66 म्हणजे तुमचा हा मुंबई-गोवा रस्ता, 166 म्हणजे रत्नागिरी-कोल्हापूर. रत्नागिरीहून येणारा 166 हातखंब्याला 66 ला मिळतो, थोडं अंतर दोन्ही रस्ते एकच होऊन चालतात, आणि पालीला 166 पुन्हा सुटून कोल्हापूरकडे जातो. म्हणजे तशा जागा दोन. मामा हातखंब्याला थांबले, आम्ही पालीला. धो धो पाऊस, फोनला रेंज नाही, गाडीत आजी. दीड तास दोन्हीकडे जिवाला घोर. शेवटी एका चहावाल्याने मामांना विचारलं, ‘तिठ्यावर थांबायला सांगितलं होतं की पालीत?’ मी ‘पाली’ हा एक शब्द लिहिला असता तर काहीच झालं नसतं. त्या दिवसापासून मी नुसत्या क्रमांकाने कुठल्याही जागेला नाव देत नाही.

आणि पाली म्हटल्यावर पुढची अडचण आलीच. तुम्ही वाकण फाट्यावर पोचाल तेव्हा तिथेही पालीचं नाव दिसेल. ती रायगडातली, बल्लाळेश्वराची पाली. रत्नागिरीची पाली त्यानंतर कितीतरी तासांनी येते. तसंच इंदापूर: या रस्त्यावरचं माणगावच्या अलीकडचं, दुसरं पुणे जिल्ह्यातलं, सोलापूर रस्त्यावरचं. खेडही तसंच. तुमच्या वाटेवरचं रत्नागिरीतलं, आणि पुणे-नाशिक रस्त्यावरचं खेड, ज्याची पाटी राजगुरुनगर म्हणते. तालुक्याचं नाव मात्र आजही खेडच, आणि जुनी माणसं गावालाही खेडच म्हणतात. अशा ठिकाणी गावापुढे जिल्हा जोडा. ‘पाली रायगड’, ‘पाली रत्नागिरी’.

क्रमांकांचं थोडक्यात सांगतो. 2010 साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि पनवेलहून निघणारा जुना 17 हा 66 झाला. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, आणि तीन आकडी क्रमांकात शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. म्हणून 66 ची शाखा 166. दुकानांच्या पाट्यांवर अजून ‘एन.एच. 17’ दिसेल, गोंधळू नका. कोकणात कुणाला ‘सहासष्ट कुठे’ विचारलंत तर तो विचारात पडेल. ‘गोवा हायवे’ म्हणा. आणि चौपदरीकरणानंतर किलोमीटरच्या दगडांवर टप्पे बेतू नका. जुन्या रस्त्यावरचे आणि नव्या रस्त्यावरचे आकडे जुळतीलच असं नाही.

चौपदरीकरणामुळेच आणखी एक गोष्ट झाली आहे. रस्ता गावातून न जाता बाहेरून जातो, त्यामुळे एकाच गावात शिरायला दोन वाटा होतात आणि दोन्हीकडे पाटीवर नाव तेच. तिथे बाजू लिहा: ‘महाड मुंबई बाजू’, ‘महाड गोवा बाजू’. जीपीएसच्या छोट्या पडद्यावर शेवटचे शब्द कापले जातात, म्हणून ‘मुंबई बाजूने महाडला वळण’ असं लांबलचक लिहू नका. ओळखीचा शब्द पहिला हवा. कशेडीला तर आता बोगदाही आहे आणि जुना घाटही. ‘कशेडी’ एवढंच लिहिलंत तर तुमच्या मागचा गडी घाटात आणि तुम्ही बोगद्यात.

पाटीच नसेल तर? मग तिथली माणसं जे म्हणतात ते. आणि तेही त्यांच्याच शब्दात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात, वर देशावर फाटा. नकाशात ‘जंक्शन’ लिहिलेलं असलं तरी तुम्ही ‘झाराप तिठा’च लिहा, कारण वाट विचाराल तेव्हा समोरचा तेच बोलणार आहे. हॉटेलच्या किंवा पेट्रोल पंपाच्या नावाने टप्पा ठेवू नका, वर्षभरात फलक बदलतो.

नकाशातल्या नावाशी माझं भांडण नाही. मी स्वतः ओपनस्ट्रीटमॅपवर कोकणातली नावं दुरुस्त करतो. तिथलाही दंडक हाच की प्रत्यक्ष जागेवर जे दिसतं ते उतरवा. अडचण रोमन लिपीतून परत देवनागरीत आलेल्या नावांची आहे. रोमनमध्ये ल आणि ळ एकच, न आणि ण एकच. मग वडखळचं ‘वाडखल’ होतं. तेव्हा नकाशावरून नाव उचलण्याआधी एकदा एसटीच्या पाटीशी ताडून बघा. एसटीचा पाटी रंगवणारा ळ चुकत नाही.

सावंतवाडीच्या पुढे गोव्यात शिरायचा मोह झाला, आणि तो होतोच, तर बांदा आणि पत्रादेवीनंतरच्या टप्प्यांना दोन-दोन नावं लिहून ठेवा. तिथे रोमन लिपीतल्या पाट्यांवर पेडण्याचं ‘पेर्नेम’ असतं आणि म्हापशाचं ‘मापुसा’. पेडणे शोधत पुढे निघून गेलेले दोघे माझ्याच ओळखीत आहेत.