कमी खाऊन म्हातारपण लांबतं का?

"आमचे हे हल्ली जेवतच नाहीत हो. म्हणे वय थांबतं!" साठीपुढच्या जोडप्यांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकते, की बडोद्यातल्याच एका घराची गोष्ट सांगावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका बँकेतून निवृत्त, राहायला दांडियाबाजारात. जेवण एकवेळ, तेही काट्यावर तोलून. मधुमेह नाही, तरी मित्राचं बघून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू. पट्ट्याला घरीच खिळ्याने पाडलेलं नवं भोक. वहीत सगळे आकडे.

"१९३५ मध्ये मॅके नावाच्या संशोधकाने दाखवलंय, कमी खाणारे उंदीर जास्त जगले. २००९ मध्ये रॅपामायसिन या औषधानेही उंदरांचं आयुष्य वाढलं."

"खरंय काका. पण उंदराला जिना चढून भाजी आणायची नसते."

माणसांवरचं सांगितलं. अमेरिकेत पन्नाशीच्या आतल्या निरोगी लोकांना दोन वर्षं पंचवीस टक्के कमी खायला सांगितलं होतं. जमलं जेमतेम बारा टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं, पण हाडंही थोडी विरळ झाली. काकांनी तेही वहीत उतरवलं आणि ताट होतं तेवढंच राहिलं. हे मला अपेक्षितच होतं. आकड्यामागे भीती असते, आणि भीती आकड्याने जात नाही, हे माझं जुनं मत आहे.

पुढच्या भेटीत एवढंच विचारलं, "काका, नेमकं कोणाचं म्हातारपण टाळताय?"

बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. "अण्णांचं. कूस बदलायला दोन माणसं लागायची."

काकू पटकन म्हणाल्या, "अहो, आणि तुम्हाला खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, ते दिसत नाही का?"

काकांनी पहिल्यांदाच वही मिटली. मरणाला ते भीतच नव्हते. भीती होती परस्वाधीन होण्याची. आणि उपाशी राहून तिकडेच निघाले होते.

आकड्यांची हौस मी मोडली नाही, फक्त आकडा बदलला. हात न टेकता तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता, ते लिहा म्हटलं. साठीनंतर स्नायू आपसूक झिजतात; त्यात उपास म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. जेवण लवकर घ्या, गोड-तळलेलं आवरा, पण डाळ, दही, उसळ ताटात हवीच. मेटफॉर्मिन डॉक्टरांना विचारून बंद झालं. व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांच्या एका अभ्यासात या गोळीने स्नायूंची वाढ कमी झाल्याचंही दिसलंय.

"आणि उपास?" काकांनी जाता जाता विचारलं.

"एकादशी आहे की," काकू म्हणाल्या. "साबुदाण्याची खिचडी मी करतेच."