मोजणीचे दगड लागलेत, मग जनसुनावणीची वाट बघायची का?

प्रश्न: आमच्या गावाच्या वरच्या अंगाने नवीन हायवे जाणारे म्हणतात, मोजणीवाले येऊन शेतात दगड लावून गेले. गावात सगळी चर्चा मोबदल्याची. पण ज्या पट्ट्यातून रस्ता जातोय तिथून आमचा ओढा वाहतो, काठाला जुनी देवराई आहे. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणे पर्यावरणाचं जे काय असेल ते जनसुनावणीत बोला. तोपर्यंत थांबायचं का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: थांबू नका, अगदी मनापासून सांगतोय. जनसुनावणी होते तेव्हा ईआयएचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अभ्यासाचा मसुदा तयार झालेला असतो, म्हणजे रस्ता कुठून जाणार हे बहुतेक ठरलेलंच असतं, आणि मग तुम्ही देवराईचं बोललात की उत्तर मिळतं झाडांच्या बदल्यात झाडं लावू. रस्ता ओढ्याच्या अलीकडून न्यायचा की पलीकडून, हा खरा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल बनताना सुटतो. तिथं तुमचा ओढा कागदावर दिसायला हवा.

आधी रस्ता कुठल्या दर्जाचा आहे ते लेखी विचारा. 2006 च्या ईआयए अधिसूचनेत नवीन राष्ट्रीय महामार्ग आणि नवीन राज्यमार्ग येतात, जिल्हामार्ग आणि गावरस्ते येत नाहीत. तुमचा रस्ता यादीत नसेल तर ज्या सुनावणीची वाट बघायला सांगतायत ती होणारच नाही, आणि हे उशिरा कळलं तर हातात काही उरत नाही.

मग ओढ्याची नोंद करा. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, विहिरी कुठं आहेत, देवराईची हद्द कुठली, जनावरं कुठून पाण्यावर येतात, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जितकं माहीत असतं तितकं कुठल्याच सल्लागार कंपनीला चार दिवसांच्या सर्व्हेत कळत नाही. नकाशावर खुणा करा, फोटो लावा, ग्रामसभेचा ठराव घ्या आणि रस्ता बांधणाऱ्या खात्याला, कलेक्टर ऑफिसला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला देऊन पोच घ्या. एकच मागणी ठळक ठेवा, की आखणीचे दुसरे कुठले पर्याय तपासले आणि ते का सोडले ते दाखवा.

उशीर झाला की काय होतं ते वरळीत बघा. कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठरलेलं, कोळी बांधव सांगत होते की खवळलेल्या समुद्रात एवढ्यातून बोटी सुखरूप येणार नाहीत, अंतर वाढवा. काम सुरू झालं, आंदोलनं झाली, समुद्रातलं काम अडवलं गेलं, आणि शेवटी डिसेंबर 2022 मध्ये मधला एक खांब वगळून 120 मीटर करायचं मान्य झालं. जे बंदरात बसून नकाशा काढतानाच विचारता आलं असतं त्यासाठी माणसांनी इतकी वर्षं रस्त्यावर आणि पाण्यात काढली, मला याचा खरंच राग येतो.

पेंचच्या वाघांच्या जंगलाचं उदाहरण मात्र अधिकाऱ्यांसमोर आवर्जून ठेवा. नागपूरकडून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 चं रुंदीकरण जंगलाच्या पट्ट्यात अडकून पडलेलं, कोर्टकचेरी झाली, मग भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी पुलाखालून वाट ठेवली, त्यातली सगळ्यात मोठी 750 मीटरची. नंतर कॅमेऱ्यात त्याच वाटेने वाघसुद्धा जाताना दिसले. म्हणजे रस्ता होतो आणि जंगलही चालू राहतं, पण त्यासाठी पुलाची लांबी डिझाइनमध्येच धरावी लागते. तुमच्या ओढ्यावर भराव टाकून छोटी मोरी बसवणार की मोकळा पूल बांधणार, हे आत्ताच विचारा.

आणि सुनावणी लागली तर तीही सोडू नका. किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, मराठीतला सारांश मिळायला हवा, कार्यवाहीचं व्हिडिओ शूटिंग होतं. तोंडी बोलाच पण लेखीही द्या, कारण लेखी हरकतीला उत्तर द्यावं लागतं. मंजुरी मिळाली आणि पटली नाही तर राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे अपील करायला 30 दिवस असतात, योग्य कारण दिलं तर आणखी 60. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, तुम्हाला फार लांब नाही.

प्रश्न: मेट्रोसाठी पर्यावरणाची अशी जनसुनावणी का होत नाही?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: कारण रेल्वे आणि मेट्रोचे मार्ग ईआयए अधिसूचनेच्या यादीत नावानिशी नाहीतच. मुंबईच्या मेट्रो 3 चा पर्यावरण अभ्यास झाला तो कर्ज देणाऱ्या जपानच्या जायका संस्थेच्या नियमांमुळे. कर्ज देणारा मागतो ते आपल्या कायद्याने का मागू नये, हा प्रश्न तुमच्या खासदारांना जरूर विचारा, यादी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे असते.