सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी आईच्या अंगावरची सूज हटत नाही. रक्ताचा दुर्मीळ कॅन्सर असेल तर कळणार कसं?

मी किडनीच्या रुग्णांवर उपचार करतो, त्यामुळे असे रुग्ण अधूनमधून समोर येतात. सूज बहुतेक वेळा हृदय, किडनी, लिव्हर नाहीतर शिरांमुळे असते. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीनेही पाय सुजतात, ते आधी पाहा.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल आहे म्हणता, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. तुम्ही विचारता तसा एक दुर्मीळ आजार म्हणजे एएल अमायलॉइडोसिस. त्यात बोन मॅरोतल्या मोजक्या प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) बिघडतात आणि त्यांनी तयार केलेल्या लाइट चेन (अँटिबॉडीचे प्रोटीनचे तुकडे) किडनीत, हृदयात साचत जातात. (याला कॅन्सर म्हणावं का, यावर आमच्यात वाद आहेत, औषधं मात्र मायलोमाची, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरचीच.) सीबीसीत काही दिसेलच असं नाही. क्रिएटिनिन ठीक असतानाही लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन वाहून जातं. लघवीला फेस येतो, नडगीवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो. म्हणून पहिली तपासणी 24 तासांच्या लघवीतल्या प्रोटीनची. ते 3.5 ग्रॅमच्या वर असेल, तर सूज कुठून येते ते बरंचसं कळलं.

पुढे गाडी अडते ती इथे: नुसती इलेक्ट्रोफोरेसिस (प्रोटीन वेगवेगळी करून पाहणारी तपासणी) होते, 'एम बँड नाही', म्हणजे बिघडलेल्या पेशींचं प्रोटीन दिसलं नाही, असा शेरा येतो आणि विषय संपतो. पण लाइट चेन तिच्यातून सहज निसटतात. रक्ताचं आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन (असं प्रोटीन शोधणारी जास्त बारीक तपासणी), शिवाय सीरम फ्री लाइट चेन (रक्तातल्या सुट्या लाइट चेनची मोजणी), हे सगळं एकत्रच करायला सांगा.

जीभ जाड होऊन कडेला दातांचे ठसे उमटणं, मार न लागता डोळ्यांभोवती जांभळे डाग, वर्षानुवर्षांचं बीपी आपोआप उतरणं, यातलं काही असेल तर संशय बळावतो. हातपाय बधिर होत असतील तर पोएम्स सिंड्रोम हा प्लाझ्मा पेशींचाच दुसरा दुर्मीळ आजारही डोक्यात ठेवावा लागतो.

शिक्कामोर्तब बायोप्सीनेच. पोटावरची चरबी सुईने काढतात, सोबत बोन मॅरो. त्यात नाही सापडलं तर किडनीचा तुकडा. काँगो रेड या रंगाने रंगवलेली काच मायक्रोस्कोपखाली ध्रुवीकृत प्रकाशात पाहिली की अमायलॉइड, म्हणजे साचलेलं प्रोटीन, हिरवं चमकतं. त्यानंतर ते नेमकं कोणत्या प्रोटीनचं, हे ठरवल्याशिवाय केमो सुरू करू देऊ नका. लाइट चेनऐवजी ट्रान्सथायरेटिन या दुसऱ्या प्रोटीनचं निघालं तर उपचार पूर्ण वेगळे.

हेमॅटॉलॉजिस्टकडे जाताना इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) पूर्ण रिपोर्ट न्या. 'ईएफ 60 टक्के' (हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण) एवढ्याने भागत नाही, अमायलॉइड साचलं की हृदयाच्या भिंती जाड होतात आणि ती जाडी त्यात आत कुठेतरी लिहिलेली असते.