ठाण्यात अँग्लिकन चर्च अजून आहे का? आणि तिथे काय बदललंय?

आजोबा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, होते, आता तुम्ही घोडबंदर रोडला राहायला आलात आणि बाळाचा बाप्तिस्मा करायचाय, असं तुम्ही लिहिलंय. चर्च आहे. फक्त पाटीवर 'अँग्लिकन' शोधू नका, 'सीएनआय' शोधा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजेच सीएनआय झालं, त्यात अँग्लिकनही होते. बिशप राहिले, उपासनेची ठरलेली मांडणी राहिली. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च त्या जुन्या काळातलं. १८२५ साली बिशप हेबर यांनी त्याचं समर्पण केलं.

मी ठाण्यातल्याच एका सीएनआय मंडळीत जाते. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली गीतं आता पडद्यावर दिसतात, दानपेटीशेजारी क्यूआर कोड लागलाय. याने फारसं काही बिघडत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं पेटी-तबल्यावर सुरू झाली की पडद्याकडे न बघताही सगळे गातात.

मला लागलेला बदल प्रभुभोजनातला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीतला आहे. पूर्वी कठड्याशी गुडघे टेकायचे, पाळकसाहेब एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लावत यायचे. प्रत्येकानंतर पांढऱ्या कापडाने कड पुसायची, प्याला जरा फिरवायचा, मग पुढचा माणूस. शेजारी कोण आहे हा प्रश्नच नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत चर्च बंद झालं, उपासना मोबाईलवर आली. उघडलं तेव्हा तबकात प्लास्टिकचे इवलेसे पेले आले, ते अजून आहेत. माझं माहेर नगरकडचं, अमेरिकन मिशनच्या परंपरेतलं. तिथे छोटे पेलेच असत, त्यामुळे ते चुकीचे आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण इथे एक प्याला परत यावा असं मला मनापासून वाटतं. ज्यांना भीती वाटते त्यांनी नुसती भाकर घ्यावी. अँग्लिकन शिकवणुकीप्रमाणे तेवढ्यानेही प्रभुभोजन पूर्ण होतं. पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, मी हे मांडलंय. वयस्कर मंडळी अजून तयार नाहीत, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी काय काय सोसलं ते मी पाहिलंय.

चांगला बदलही सांगते. वेदीजवळ आता बायका दिसतात, वाचनापुरत्याच नव्हे. २०२४ मध्ये व्हायोलेट नायक सीएनआयच्या पहिल्या महिला बिशप झाल्या. आमच्या मुलींना त्यात नवल वाटलं नाही, याचाच मला जास्त आनंद झाला.

नवी मुंबईकडून येणाऱ्यांचं गणित मात्र ट्रान्स-हार्बर लोकलच्या मेगाब्लॉकवर असतं. ऐरोली, नेरूळची कुटुंबं त्या रविवारी कमीच दिसतात. तुम्हाला ती अडचण नाही.

बाप्तिस्म्याबद्दल: सीएनआयमध्ये बाळाचा बाप्तिस्मा चालतो, आणि मूल मोठं होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबणंही चालतं. एखाद्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना भेटा. धर्ममाता-धर्मपिता कोण होणार ते आधी ठरवून ठेवा, आणि आजोबांचा जुना दाखला घरात असेल तर सोबत न्या.