वाचक विचारतात : जगातली पहिली महिला मंत्री कोण?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘पहिली महिला मंत्री : नीना बांग, डेन्मार्क’ एवढंच आहे. ताई, या बाई नेमक्या कोण? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पुस्तकात ‘संसदीय लोकशाहीतली’ हा शब्द राहिला. रशियात अलेक्झांड्रा कोलोन्ताई 1917 मध्येच सरकारात होत्या. नीनाबाई 1924 मध्ये डेन्मार्कचे पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाल्या.

मला मात्र त्यांचं आधीचं काम जास्त आवडतं. बाई इतिहासकार. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीतून जाणाऱ्या गलबतांना पूर्वी डेन्मार्कच्या हेलसिंगोर बंदरात थांबून जकात भरावी लागे. कुठलं गलबत, तांडेल कोण, माल काय, सगळं वहीत चढे. त्या शेकडो वर्षांच्या वह्या उपसून बाईंनी तक्ते केले. पहिला खंड 1906 चा. व्यापाराचे अभ्यासक आजही ते उघडतात. असलं किचकट काम करणाऱ्या बाईला खात्याच्या फायली काय घाबरवणार!

शिवाय ‘सोशल-डेमोक्रातेन’ या वृत्तपत्रात पत्रकारिता, कोपनहेगनच्या नगरपालिकेत सदस्यत्व, 1918 पासून संसदेच्या वरिष्ठ सभागृहात. बायकांना तिथं संसदेसाठी मताचा हक्कच 1915 चा! मंत्रिपद 1926 पर्यंत टिकलं, 1928 मध्ये बाई गेल्या. परीक्षेत एका गुणाचंच उत्तर लिहा, पण जकातीच्या वह्यांबद्दल जरूर वाचा.