आजोबांच्या वाड्याचं थ्रीडी: मॉडेल नंतर निवडा, आधी मूळ फाइल मिळवा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. रावपुऱ्याकडचा आजोबांचा वाडा पाडायच्या आधी मोबाईलवर काढलेले फोटो आहेत, ते डेप्थ मॉडेलमधून, म्हणजे फोटो बघून काय किती लांब आहे याचा अंदाज बांधणाऱ्या एआय मॉडेलमधून, काढले तर सरळ भिंत फुगून वाकडी येतेय, आणि आता एका कार्यालयाकडे जुने फोटो मागायला अर्ज करताय, असंच ना? मीही बडोद्याचीच, पोळींमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधल्या, वाड्यांचं थ्रीडी करून ठेवते, आणि हे दोन्ही त्रास मी भोगलेत. इन्स्टॉलेशन वगैरे तुम्हाला येतंच असं धरते.

भिंतीचं आधी उरकते. मिडाससारखं डेप्थ मॉडेल एका फोटोवरून जे देतं ते मीटरमधलं अंतर नसतं. काय जवळ, काय लांब एवढाच अंदाज असतो, तोही उलटा, म्हणजे जवळच्या वस्तूचा आकडा मोठा. स्केल, म्हणजे आकड्यांना कितीने गुणायचं, ते माहीत नाही आणि शिफ्ट, म्हणजे त्यांत किती मिळवायचं, तेही माहीत नाही. नुसतं स्केल चुकलं तर वाडा लहान-मोठा होईल, पण शिफ्ट चुकला की आकारच बिघडतो, काटकोन जातात, तुमचं नेमकं तेच झालंय. मीटरमध्ये सांगणारी मॉडेलंही आहेत, पण एका फोटोवरून काढलेल्या मापांवर कुणी नकाशा करू नये असं माझं ठाम मत आहे. फोटो बरेच असतील तर कोलमॅप या सॉफ्टवेअरने फोटो एकमेकांशी जुळवून कॅमेऱ्याच्या जागा काढा, मग गॉशियन स्प्लॅटिंग, म्हणजे त्या फोटोंवरून थ्रीडी दृश्य उभं करण्याची पद्धत. त्याच कामाची 2020 ची नर्फ पद्धत घ्या की 2023 चं स्प्लॅटिंग, फोटो काढताना कॅमेरा कुठे होता हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

आता मला ज्या कार्यालयाचा अनुभव आला त्याबद्दल. नाव घेत नाही. एका वाड्याचा मागचा चौक आधीच पडला होता आणि त्याचे डिजिटल फोटो फक्त त्यांच्याकडे होते, तिथल्या माणसाने मला ते कॉम्प्युटरवर उघडून दाखवलेसुद्धा, छान मोठे, स्पष्ट. अर्ज, ओळखपत्र, फी सगळं झालं आणि हातात आली एक पीडीएफ. फोटो पानावर बसावेत म्हणून कडा कापलेल्या, प्रत्येकाच्या कोपऱ्यात शिक्का, मग प्रिंट काढून परत स्कॅन. बघणाऱ्याला काही वाटत नाही, पण यात काय काय गेलं बघा. एक्झिफ, म्हणजे फाइलमध्येच असलेली कॅमेऱ्याची माहिती, गेली, म्हणजे फोकल लेंथचा (लेन्स किती झूम होती त्याचा) पहिला अंदाजच गेला. कडा कापल्या, म्हणजे लेन्सचा मध्य फोटोच्या मध्यावर राहिला नाही, आणि कोलमॅप तो मध्यावरच आहे असं धरून चालतो. शिक्का प्रत्येक फोटोत एकाच जागी, त्यामुळे फोटो जुळवताना सॉफ्टवेअर खांब सोडून शिक्क्यालाच चिकटत होतं. लाकडातली बारीक नक्षी कॉम्प्रेशनमध्ये पुसली गेली. मी मूळ फाइलसाठी पत्रं दिली, प्रत्यक्ष जाऊन भेटले, उत्तर एकच, "फोटो दिलेत ना, दिसतायत ना." मूळ फाइल त्यांच्याच मशीनमध्ये होती हो, कॉपी करायला किती वेळ लागतो! त्या चौकाचं थ्रीडी आजही अर्धवट आहे, आणि घरच्या आजी विचारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: कॅमेऱ्यातून आली तशी मूळ डिजिटल फाइल, न कापलेली, शिक्का नसलेली, पेनड्राइव्हवर. कार्यालय सरकारी असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(जे) मध्ये कॉम्प्युटरवरची माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात घेण्याचा हक्क आहे आणि 7(9) प्रमाणे सहसा मागितलेल्या रूपातच द्यायची असते, त्यांची साधनं अवाजवी खर्च होणार असतील तर गोष्ट वेगळी. मी वकील नाही, अर्ज टाकण्याआधी जाणकाराला दाखवा.

नातेवाईकांकडेही मागा, मुंजी-लग्नांच्या फोटोंत मागे ओसरी, जिना, खांब असतातच. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. निगेटिव्ह असतील तर पूर्ण फ्रेम स्कॅन करा.

खराब आणि मोजकेच फोटो हाती असतील तर डस्टर किंवा 2025 चं व्हीजीजीटी ही एआय मॉडेलं करून बघा, ती कॅमेऱ्याची माहिती नसतानाही अंदाज बांधतात. पण खरं माप त्यातूनही मिळतंच असं नाही, म्हणून वाड्याचा एखादा दरवाजा कुणी जपून ठेवला असेल तर टेपने मोजा आणि त्यावरून स्केल लावा.

अजून एक, चौकातले सारखे खांब. आपल्या बडोद्याच्या मांडवी दरवाजाला चारही बाजूंना तीन-तीन कमानी, तिथे सॉफ्टवेअर दोन वेगळ्या बाजू एकच समजून एकमेकींवर बसवतं, चौकातही तेच होतं. दोन बाजू एकत्र दिसणारे कोपऱ्यातले फोटो आवर्जून घाला आणि सॉफ्टवेअरने चुकून जुळवलेल्या फोटोंच्या जोड्या हाताने काढून टाका. एका जागी उभं राहून नुसतं गोल फिरत काढलेल्या फोटोंतून काय किती लांब आहे ते मिळत नाही, ते वेगळे ठेवा.

अर्ज आधीच गेला असेल तर पुरवणी पत्र आजच द्या. एकदा पीडीएफ तयार होऊन जावक नंबर पडला की पुन्हा ती फाइल कोणी उघडत नाही, निदान माझ्यासाठी तरी कोणी उघडली नाही. कोलमॅपमध्ये किती फोटो जुळले ते इथे टाका, मी बघते.